आबांच्या कानाचं मशीन

मित्रांनो, मी कानामागे बसणारं एक जुनं मशीन आहे. शहाणी माणसं मला श्रवणयंत्र म्हणतात, पण भूम तालुक्यातल्या ईट गावात मी कायम 'आबाचं मशीन' होतो. आकाराने शेंगेएवढा, रंगाने फिकट. दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात तारा जोडल्या, मला शिट्टी ऐकवली आणि पास करून डबीत घातलं. त्या डबीतून निघालो तो थेट धाराशिवला, म्हाताऱ्या माणसांसाठी भरलेल्या एका शिबिरात.

तिथे बिभीषण आबा बसले होते. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. नुसत्या ओरडण्यावरून कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं ते सांगायचे म्हणे. म्हातारपणी त्यांचेच कान गेले होते. सोबत त्यांची नात शिवकन्या होती. डॉक्टरांनी मला आबांच्या कानात बसवलं आणि ती म्हणाली, "आबा, येतंय का ऐकाया?"

आबा दचकले. तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. "पोरी, तुझा आवाज किती बदलला गं! मला ल्हानपणचाच ठावा हुता."

परतताना एसटीच्या खिडक्यांचा खडखडाटही त्यांनी मन लावून ऐकला. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला दिवस होता.

घरी पोचलो तर मला बघायला अख्खी गल्ली लोटली. माझं फार कौतुक झालं, आणि त्या कौतुकानेच माझा घात केला. "लई मोलाची वस्तू हाय," आबाच म्हणाले. "घामानं, धुळीनं वाया जाईल. सणावाराला, लग्नाकार्याला घालू." त्यांची सून दैवशाला जपून वापरणारी बाई. तिने मला कापसात गुंडाळलं आणि ट्रंकेत, आपल्या लग्नाच्या शालूशेजारी ठेवून दिलं. मला देवासारखा मान मिळाला म्हणा ना. देवाला निदान रोज आंघोळ तरी घालतात.

पुढे नात्यात एक लग्न निघालं. आबा फेटा बांधून, मला कानात घालून मांडवात बसले. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, मला घालून बसायची ती जागा आहे का? समोर बँड, डोक्यावर कर्णा, आणि नवरदेव दारात येताच तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ लागली. मी सगळंच मोठं करून आत सोडलं, मला दुसरं येतं काय? आबांनी कळवळून मला उपसलं आणि खिशात कोंबलं. "ह्याच्यात नुसता गोंगाट हाय," ते म्हणाले. मी पुन्हा ट्रंकेत गेलो आणि या वेळी कुणाला माझी आठवणही राहिली नाही.

वर्षं गेली. पत्र्याआडून घरातलं थोडंफार कानावर यायचं. आबा हळूहळू बोलेनासे झाले होते. वयाने माणूस असा अबोल होतोच, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

शिवकन्या बी.ए. झाली आणि तिने मोबाईलवरून वार्धक्यशास्त्राचा अभ्यास सुरू केला. म्हाताऱ्या माणसांची देखभाल शिकायची आणि त्यातच नोकरी करायची, असं तिचं ठरलं होतं. रेंजसाठी ती घरावरच्या मातीच्या माळवदावर जाऊन बसायची. आबांचा मुलगा, म्हणजे तिचा बाप वैजनाथ, एसटीत कंडक्टर, धाराशिवला खोली करून राहायचा. सुट्टीला आला की तिची थट्टा करायचा. "म्हातारपण शिकाय कशाला लागतंय? त्ये आपसूक येतंय की!"

"आपसूक येतंय अण्णा," ती म्हणायची, "पण सांभाळाय कुणालाच येत न्हाय."

एके दिवशी ती शिकवणी अर्धी टाकून माळवदावरून धावत खाली आली आणि तिने ट्रंक उघडली. पडद्यावरच्या बाईंनी सांगितलं होतं, म्हातारं माणूस गप्प झालं तर आधी स्वभावाला दोष देऊ नका, त्याचे कान बघा. आणि कान फार दिवस रिकामा राहिला तर डोक्याची शब्दांची सवयच मोडते.

धाराशिवहून नवी बॅटरी आली. मी पुन्हा आबांच्या कानात बसलो. पण मित्रांनो, उशीर झाला होता. मी आवाज आत नेत होतो आणि आबांना त्याचे शब्द लावता येत नव्हते. ते हात हलवून 'काढ, काढ' म्हणत. मला फार वाईट वाटलं. माझ्या अंगात काही बिघाड नव्हता, तरी मी निकामी होतो.

शिवकन्येने सोडलं नाही. दुपारची जेवणं झाली की टीव्ही बंद करून ती आबांच्या समोर बसायची. तोंड दिसेल असं, सावकाश, ओरडल्याशिवाय बोलायची. आज मेंढरांची नावं, उद्या ओढ्यांची. शब्द एकेक करून परत यायला लागले. मग एका दुपारी आबाच आपणहून बोलले.

"शिवकन्ये, तुझी आई माझ्यावर का रुसली गं?"

"कुठं रुसलीय आबा?"

"जेवाय या म्हणून हाक मारत न्हाय. ताट पुढ्यात ठिवती आन् जाती. माझं काय चुकलं?"

दैवशाला स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. ती पुढे येऊन खाली बसली. "मामा," डोक्यावरचा पदर सावरत ती आपल्या सासऱ्यांना म्हणाली, "हळू बोललं तर तुमाला कळत नव्हतं. आन् सासऱ्यावर वरडायचं कसं? गल्ली म्हणली असती, दैवशाला म्हाताऱ्यावर तोंड टाकती. म्हणून गप बसले."

शिवकन्येने तेच पुन्हा सावकाश सांगितलं.  "मी समजलो, मी नकोसा झालो," आबा म्हणाले.

दैवशाला हुंदके देऊन रडली. तिने मान राखला होता, आणि त्या मानाने म्हातारा माणूस भरल्या घरात एकटा पडला होता. त्या संध्याकाळी तिने दारात उभं राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मामा, जेवाय चला." मी ते शब्द आत नेले. आबा उठले. भूक नसतानाही ते भाकरी मागत राहिले, कारण प्रत्येक वेळी ती "आनखी वाढू का?" असं विचारायची.

वैजनाथला हे फोनवर कळलं. "आबाला म्हणावं, पुढच्या सुट्टीला निवांत बोलत बसू," तो म्हणाला.

ती सुट्टी येण्याआधीच आबा गेले. सकाळी शिवकन्येने मला त्यांच्या कानात घातलं, त्यांनी चहा घेतला आणि बाजेवर टेकले ते टेकलेच. वैजनाथ मिळेल त्या गाडीने आला. रडारडीत मला काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. तो बाजेपाशी बसला, वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "आबा."

मी तो शब्द जसाच्या तसा आत पोचवला. आत ऐकायला कोणी नव्हतं.

"मला आधी का न्हाय शिकवलंस गं?" तो पोरीला एवढंच म्हणाला. तिने मला आबांच्या कानातून अलगद काढलं.

पुढे शिवकन्या परीक्षा पास झाली. आता ती धाराशिवला घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. मी तिच्या पिशवीत असतो. घरच्या माणसांना मला दाखवून ती विचारते, "असलं काही घरात ठेवून दिलंय का?" बऱ्याच घरांत कपाटं उघडली जातात.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस गप्प बसून असेल तर त्याच्या समोर जाऊन बसा, सावकाश बोला. मी अजून चालू आहे. कान तेवढा राहिला नाही. तुमच्या घरात तो आहे, तोवर बोलून घ्या.