पोटात पिन राहिलेला आकाशकंदील

माझी ओळख कुणी 'जुना आकाशकंदील' अशी करून दिली, की आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबरराव लगेच दुरुस्ती करतात, "कंदील नव्हे, सांगाडा." मित्रांनो, त्यांचं चूक नाही. मी कंदील असतो तो दिवाळीपुरता. बाकी सगळं वर्ष मी नुसत्या कामट्या आणि दोरा असतो, आणि गच्चीवरच्या टाकीच्या खोलीत खुंटीला लटकत असतो. पण म्हणून मला कमी लेखू नका. दर दिवाळीला नखशिखान्त नवे कपडे मिळतात, असं तुमच्यापैकी किती जणांना म्हणता येईल?

माझा जन्म कर्वेनगरातल्या याच सोसायटीच्या जिन्याखाली झाला. वासंतीकाकूंचे यजमान गोपाळकृष्ण काका यांनी बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या आणल्या, भिजवल्या, तासल्या आणि दोऱ्याने बांधल्या. खिळा नाही, तार नाही. आठ बाजू, वर टांगण्यासाठी कामट्यांची जाळी आणि दिवा सोडायला खालचं तोंड मोकळं. मला दोन-चारदा हलवून पाहून काका म्हणाले, "हा आपल्याला पुरून उरेल." काका आता थकलेत आणि बाल्कनीत बसून फक्त सूचना देतात. मी मात्र अजून ठणठणीत आहे.

आमच्याकडे हातकामाचा एक गट आहे. गुरुवारी पाणी बंद असलं की धुणं नसतं, पुसणं नसतं, म्हणून या मंडळींनी गुरुवारची दुपार हातकामाला दिली. खडकवासल्याचं धरण भरलं तरी यांना फारसा आनंद होत नाही, कारण मग गुरुवारीही पाणी येतं. चैत्रात गौरीची आरास, श्रावणात पानाफुलांची तोरणं, गणपतीत पुठ्ठ्याचं मखर असं त्यांचं वर्षभर चालू असतं. आणि दिवाळीत मी. सोसायटीत घरं आठ. दरवर्षी एका घराकडे माझी पाळी असते, त्या घराने मला सजवायचं, आणि वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणी डोकावायचं नाही, असा नियम आहे.

या नियमापायी मी काय काय अंगावर घातलंय ते विचारू नका. एका वर्षी लाल पतंगी कागद होता, त्यात मी फार देखणा दिसत होतो. एका वर्षी गटातल्या सलोनीने लग्नाच्या जुन्या पत्रिका चिकटवल्या. महिनाभर माझ्या पोटावर 'आपल्या आगमनाने आनंद होईल' असं लिहिलेलं होतं आणि येणारे-जाणारे उगाच वर बघून हसायचे. एका दिवाळीत अवकाळी पाऊस आला आणि माझे सगळे रंग खाली लावलेल्या गाडीवर उतरले. ती गाडी दिगंबररावांची होती.

तेव्हापासून त्यांचं माझ्यावरून मन उडालं. आणखी खरं सांगायचं तर, शिडीवर चढून मला टांगायचं काम त्यांचं, दिवा गेला की बदलायचं कामही त्यांचं, आणि त्यांचे गुडघे दुखतात. यंदाच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं, "बुधवार पेठेत प्लॅस्टिकचा तयार मिळतो. सात रंग बदलतो, फडक्याने पुसला की झालं. हा सांगाडा भंगारात द्या."

"अहो, यंदा दीपमालाची पाळी आहे," वासंतीकाकू म्हणाल्या. "ती नवीन आहे, हौसेने करतेय. तिचं होऊ द्या."

"होऊ द्या की. यंदा धड लागला तर राहू दे. नाही लागला तर मी दुसऱ्याच दिवशी पेठेत जाऊन येतो."

सभा गच्चीवरच असते, त्यामुळे हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मित्रांनो, इतकी वर्षं लोकांच्या डोक्यावर मिरवल्यावर रद्दीवाल्याच्या तराजूत बसायची कल्पना करून बघा. मी घाबरलो होतो, ते कबूल करायला मला लाज नाही.

दीपमाला गेल्या वर्षी अमरावतीहून आली. तिचे यजमान योगेश चाकणच्या कारखान्यात कामाला, दिवसभर घरी ती एकटी. सणासुदीला ती कोथिंबिरीचं सारण भरलेल्या पुडाच्या वड्या करून बाकीच्या सातही घरी द्यायची. पण आमच्या लोकांची दारं किती उघडतात हे तुम्हाला सांगायला नको. वाटीपुरती उघडतात आणि वाटी आत गेली की बंद होतात. दिगंबररावांच्या दारावर तर पाटीच आहे, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' त्यामुळे दीपमालाला सोसायटीतली माणसं फारशी माहीत नव्हती, दारं मात्र पाठ होती.

तिने तीच दारं कागदात कोरली. माझ्या आठ बाजूंवर आठ घरांची दारं. कुणाचं जाळीचं, कुणाचं तुटक्या कडीचं, काकूंच्या दारावरचं लोकरीचं तोरण, आणि दिगंबररावांची पाटी अक्षर न् अक्षर कोरून. वरून पांढरा कागद, मागून रंगीत पतंगी. दिवा लागेपर्यंत काही दिसणार नाही, लागला की सगळी सोसायटी उजळेल, असा तिचा बेत होता. तिची बोटं दुखायची, मान अवघडायची, पण कात्री चालवताना ती गुणगुणायची. असा थाट माझा जन्मात कुणी केला नव्हता.

आणि मग ती चूक झाली. तिने दिव्यांची माळ माझ्या पोटात सोडली, कामट्यांना नीट गुंडाळली, माळेची बोर्डात लावायची पिन खळीने बरबटू नये म्हणून आतच वर अडकवली. नंतर माझं खालचं तोंडही कागदाने बंद केलं आणि त्यावर झिरमिळ्या लावल्या. तोंड उघडं ठेवायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? डोकावायचं नाही हा नियम. शिवाय आपल्याला माहीत असलेलं साऱ्या जगाला माहीत असतं, असा आम्हा पुणेकरांचा समज आहे. मी तिच्यावर ओरडणार होतो, पण आम्हाला वाचा कुठली.

वसुबारसेला अंधार पडता पडता सगळे फाटकाशी जमले. दिगंबरराव शिडीवर चढले आणि हात खाली करून म्हणाले, "पिन द्या."

दीपमालाने मला फिरवून पाहिलं. मग उलटं करून पाहिलं. पोटात पिन खुळखुळली आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, पिन आतच राहून गेली. मी तर सगळीकडून चिकटवून टाकलं ना."

कुणी हसलं नाही, एवढं मात्र खरं. योगेश म्हणाला, "वरून हात जाईल का?" वर जाळी, हात जाईना. खालचा कागद फाडावा तर झिरमिळ्यांची सगळी शेपटी गळून पडणार. मग पिन नक्की कुठे आहे ते बघायला सलोनीने मोबाइलची बॅटरी माझ्या एका बाजूला टेकवली, आणि समोरच्या बाजूवर काकूंचं दार उमटलं, लोकरीच्या तोरणासकट.

"अगं बाई, हे तर आमचं दार," काकू म्हणाल्या.

मग बॅटरी फिरत गेली आणि जो तो आपलं दार ओळखू लागला. जाळी दिसली, तुटकी कडी दिसली. पाटी दिसली तेव्हा सगळ्यांनी हळूच शिडीकडे पाहिलं. दिगंबरराव वाकून वाचत होते.

आता एक तरी बाजू कापायलाच हवी होती. दीपमालाने डोळे पुसले आणि म्हणाली, "आमचंच दार कापा काकू. चूक माझी आहे."

"तुमचं कशाला?" वरून आवाज आला. "माझं कापा. नाहीतरी ते उघडत नाही अशी सोसायटीत तक्रार आहेच."

गुडघे सांभाळत ते उतरले आणि दाढीचं ब्लेड आणायला घरी गेले. परत येऊन मला त्यांनी मांडीवर घेतलं. कोरलेल्या दाराच्या तीन बाजू अलगद कापल्या, चौथी ठेवली आणि ते कागदी दार बाहेर उघडलं. आत बोटं घालून पिन काढली. त्यांचा हात माझ्या अंगाला इतका हळू लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मी लागलो. आठ दारं उजळली, त्यातलं एक सताड उघडं. दीपमाला आधी हसली आणि मग पुन्हा रडली. गडबडीत दिगंबररावांच्या घराचं खरं दारही उघडंच राहिलं होतं. लोक चिवड्याच्या वाट्या घेऊन थेट आत गेले आणि गप्पा मारत बसले. बेल कुणीच वाजवली नाही.

"दार चिकटवून देऊ का परत?" दीपमालाने त्यांना विचारलं.

"राहू दे. दिवा बदलायला बरं पडेल," ते म्हणाले. भंगाराचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादा सांगाडा धूळ खात पडला असेल. त्याला फेकू नका. कागद दरवर्षी नवा मिळतो, बांधलेल्या गाठी बाजारात मिळत नाहीत. फक्त चिकटवण्याआधी पिन बाहेर काढा, आणि नव्या माणसाला काय माहीत नसेल ते आधी सांगा.

दिवाळीनंतर माझे कपडे उतरवले, तेव्हा दिगंबररावांनी आपलं कागदी दार मागून घेतलं. पुढच्या वर्षी माझी पाळी त्यांच्याकडे आहे आणि गुरुवारच्या दुपारी त्यांच्या घरी येऊन कोरायला शिकवतेय दीपमाला. त्यांच्या दारावरची पाटी अजून तशीच आहे. तिच्याखाली एक नवा कागद तेवढा लागलाय, जरा वाकड्या हाताने कोरलेला: 'गुरुवारी बेल वाजवू नये. दार उघडंच आहे.'