राहिलेला पट्टा

"आज परत पळालीस, तर यंत्राची किल्ली कायमची माझ्याकडे," लोर्न म्हणाला. रिंकचा मॅनेजर तो. त्याला अंतिम सामन्याची धास्ती होती.

"पळाले तर मलाच खुंटीला टांग," दारका म्हणाली आणि यंत्रावर चढली.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या त्या लहानशा गावात हॉकीचा बर्फ गुळगुळीत करायचं काम दारका मेल्निचुक लग्नाआधीपासून करत होती. या कामात एक नियम प्राणापलीकडे जपायचा: यंत्र बर्फावर उभं करायचं नाही. मागून गरम पाणी पडत असतं. गेल्या वर्षी अशाच सामन्याच्या मध्यंतरात तिच्या पोटात कळ आली आणि ती यंत्र मधोमध सोडून संडासाकडे धावली. पाणी बंद करायचंही भान राहिलं नाही. परत येते तो बर्फात हा एवढा खड्डा, आणि अख्खं गाव तो बघतंय! तेव्हापासून ती 'खड्डेवाली' झाली. आतड्यांना सूज आणणारा हा क्रोन्सचा आजार तिने लपवला होता. असल्या गोष्टी काय चारचौघांत सांगायच्या? शेवटी किल्ली परत मागताना लोर्नला तेवढं सांगावं लागलं.

"त्या नव्या औषधाच्या सलाइनने खरंच फरक पडला?" त्याने हळूच विचारलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातले पहारेकरी एकमेकांना निरोप धाडतात, चोर आला, धावा! माझ्या आतड्यात चोर ना बीर, पण निरोप थांबतच नाहीत. मग सगळे मिळून घरच पेटवतात."

"मग औषध पहारेकऱ्यांना झोपवतं?"

"नाही रे. निरोप्यांमधला जो जास्त बडबड्या, त्याला वाटेतच धरतं."

"माझ्या मेव्हण्यावर चालेल का बघ."

मध्यंतराचा भोंगा वाजला. दार उघडलं.

"खड्डेवाली आली! पोहायचे कपडे घाला रे!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

दारका फेरे मारू लागली. दुसऱ्याच फेऱ्याला पोटात गुरगुरलं. संडासाचं दार डोळ्यांपुढे आलं. पण कळ आली नाही. दुपारी ती बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, पेरोगी, पोटभर खाऊन आली होती, कितीतरी दिवसांनी तळलेल्या कांद्यासकट, आणि त्या निमूटपणे पचत होत्या. तिला एकदम हसूच फुटलं.

शेवटच्या फेऱ्यानंतर मधोमध एक बारीक खरबरीत पट्टा राहिला. लोर्न दारातून हातवारे करत होता, पुरे झालं, ये बाहेर! आजवर असे पट्टे तिने कितीदा तसेच सोडले होते. बाहेर जायचं दार समोर दिसलं, की संडास गाठण्यापलीकडे तिला दुसरं काही सुचतच नसे.

तिने चाक वळवलं.

"अगं, राहू दे की!" लोर्न ओरडला.

यंत्र राहिलेल्या पट्ट्याकडे परत वळलेलं प्रेक्षकांनी पाहिलं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि हां हां म्हणता सगळी रिंक टाळ्या वाजवू लागली. दारकाने मान वळवली नाही. तो पट्टा ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पुसत गेली. लोर्न दार धरून ताटकळत होता. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच तिला कसलीही घाई नव्हती.