ताटावरून जन्मतारीख

माणूस काय खातो त्यावरून त्याची जन्मतारीख सांगता येते, असं वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकीणकाकू छातीठोकपणे सांगत. मी औषधांच्या दुकानात बसते. लोक कशाकशावर विश्वास ठेवतात ते रोज बघते. पण हा प्रकार म्हणजे कहर होता. आणि रविवारी सगळे एकाच टेबलावर जेवत, त्यामुळे सुटकाही नव्हती.

"गोड आधी खाणारे मार्चमधले," काकूंनी चौकीदाराकडे बोट दाखवलं.

"मी नोव्हेंबरचा."

"मग तुमच्या आईच्या लक्षात राहिलं नसेल!"

सगळे हसले. मी नाही हसले. "काकू, महिने बाराच आहेत. कधीतरी बोलाफुलाला गाठ पडणारच."

खरं तर माझा राग त्या खेळावर नव्हताच. शेजारी बसलेले माझे बाबा मला ओळखत नव्हते, त्याचा तो राग होता. दर रविवारी मी येते, त्यांच्यासोबत जेवते आणि दर रविवारी ते विचारतात, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" लहानपणापासून मला 'अगं'शिवाय हाक न मारणारा माणूस अहोजाहो करतो, तेव्हा मी नुसती ताटाकडे बघत राहते. आता आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मी धरली होती.

"आजोबा, तुम्ही सांगा बरं," काकूंनी बाबांना डिवचलं. "या बाईंची तारीख?"

बाबांनी वाकून माझ्या ताटात पाहिलं. भात संपला होता, वाटाणे कडेला सारलेले होते.

"चौदा ऑगस्ट."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. चौदा ऑगस्टच! काकू टाळ्या पिटत होत्या, "आता तरी पटलं?" त्यांचं शास्त्र गेलं खड्ड्यात, बाबांनी मला ओळखलं होतं! मी त्यांचा हात घट्ट धरला.

"बाबा, मी कोण?"

त्यांनी संकोचून हात सोडवून घेतला. "ते नाही बुवा ठाऊक."

तेवढ्यात चौकीदाराने हौसेने आपलं ताट पुढे सरकवलं. त्यात पावाच्या कडा उरल्या होत्या. "आणि माझी, आजोबा?"

"चौदा ऑगस्ट."

काकूंच्या ताटात गाजराचे तुकडे होते. "चौदा ऑगस्ट."

एकच हशा पिकला. मी गारच पडले. म्हणजे माझ्याही बाबतीत नुसती बोलाफुलाची गाठ! काकूंचं शास्त्र खरं असतं तर बरं झालं असतं, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"सगळ्यांची एकच तारीख कशी हो?" काकूंनी हसून डोळे पुसत विचारलं.

बाबा गोंधळले. "ताटात टाकलंय ना? माझी मुलगी टाकते. कधी वाटाणे, कधी गाजर, कधी पावाची कड. आईचा मार खाईल, पण ते खाणार नाही. तिचीच तारीख ती."

कुणी हसेना. बाबा प्रत्येकाच्या ताटात मला शोधत होते, आणि मी त्यांच्या कोपराला कोपर लावून बसले होते.

"येते का ती?" मी कशी विचारू शकले, कोण जाणे.

"नाही येत. कामात असेल."

मग त्यांनी माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि इकडेतिकडे बघत एकेक वाटाणा तोंडात टाकायला लागले.

"तिच्या आईला सांगू नका हं, बाई."