ओठांवरून वाचलेली प्रार्थना

अनुपम हिवाळेचा आवाज गेला, त्यानंतर त्यांच्या घरात सगळ्यात अवघड होऊन बसली ती संध्याकाळची प्रार्थना.

आधी असं नव्हतं. दिवेलागणीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये घरोघरी टीव्ही सुरू व्हायचे आणि हिवाळ्यांच्या खिडकीतून अनुपमची प्रार्थना बाहेर पडायची. खणखणीत आवाजाचा माणूस. तपासणी विभागात यंत्रांच्या गदारोळात आवाज चढवून बोलायची सवय झालेली, त्यामुळे देवाशीही तसाच बोलायचा. त्याची बायको शरयू मधेच एक डोळा उघडून म्हणायची, "अहो, हळू. तो काही बहिरा नाही."

मग घसा बसायचं निमित्त झालं, तो बसलेलाच राहिला आणि तपासण्यांमध्ये स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. शरयूने त्या दिवसांत देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, की डॉक्टरांचं हे दुसरं वाक्य तेवढं खोटं ठरू दे. ते खोटं ठरलं नाही. ऑपरेशनमध्ये अनुपमच्या गळ्याला कायमचं छिद्र पडलं, श्वास तिथूनच आत-बाहेर होऊ लागला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं. पण रेडिएशनने मान अशी लाकडासारखी झाली होती, की त्यातून नुसती घरघर निघायची. शेवटी तो ओठ हलवून बोलायला लागला. अगदीच कळलं नाही तर मोबाइलवर लिहून दाखवायचा.

चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला आले, की म्हणायचे, देवाची कृपा, जीव तर राहिला. शरयू चहा ठेवायला आत जायची. तिची देवाशी कट्टी होती. रविवारी ती अनुपमबरोबर चर्चला जायची, गीताच्या वेळी उभी राहायची, पण प्रार्थना म्हणून एक शब्द तिने नागपूरहून परतल्यापासून केला नव्हता. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मात्र सुटका नव्हती. जेवणाच्या टेबलाशी अनुपम हात जोडायचा, डोळे मिटायचा आणि त्याचे ओठ हलायला लागायचे. आवाज नाही, फक्त गळ्यावरच्या रुमालामागून श्वासाची सळसळ. प्रार्थना कधी संपली हे तिला कळायचंच नाही. एकदा तिने त्याच्या ताटात भाजी वाढली, वरण वाढलं, आणि तो अजून मध्यातच होता.

सुरुवातीला ती दुसरीकडे बघायची. त्याच्या ओठांकडे टक लावणं म्हणजे बंद दाराला कान लावण्यासारखं वाटायचं तिला. पण माणसाला किती दिवस राहवणार? ज्याने ऐकलं नाही, त्याच्याशी हा रोज एवढं काय बोलतो? भांडतो? आभार मानतो? अजूनही आवाज परत मागतो की काय? एका संध्याकाळी तिने डोळे उघडे ठेवले, आणि त्याच्या ओठांवर तिला स्वतःचंच नाव दिसलं. शरयू. शेवटी ओठांचा चंबू झाला, तो तिने बरोबर ओळखला.

झालं. त्यानंतर तिला चैन पडेना. तिने आपली खुर्ची समोरून हलवून ट्यूबलाइटच्या बाजूला घेतली.

"काहून सरकवली?" अनुपमने ओठांनीच विचारलं.

"तिथे वारा लागते पंख्याचा," ती म्हणाली.

हळूहळू तिला एकेक शब्द लागू लागला. तिचं नाव तर जवळजवळ रोज यायचं. 'राग' एकदा आला. पण दुसरा एक शब्द सारखा यायचा, प्रत्येक वाक्याच्या आधी, कधी मध्येही. ओठ मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे, पुन्हा उघडायचे. पापा. पाप. तो शब्द ओळखला आणि शरयू वाढायचं विसरली.

कारण विभावरीकाकू. मंडळीतल्या सगळ्यात जुन्या बाई. ऑपरेशनआधी घरी येऊन बसल्या होत्या आणि निघताना दारात म्हणाल्या होत्या, "शरयू, देव उगाच कोणावर असं आणत नाही. दोघांनी आपलं मन तपासून पाहा." शरयूने तेव्हा ते उडवून लावलं होतं. अनुपमने ते मनाला लावून घेतलं असेल का? की खरंच काही होतं? ती पोळ्या लाटता लाटता विचार करायची. या माणसाबरोबर आपण अर्धं आयुष्य काढलं. ज्याला रांगेत मध्ये घुसता येत नाही, त्याने असं काय केलं असेल, की रोज पाप पाप म्हणत बसावं? आणि त्यात माझं नाव कशाला? भीती होती, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं. नवऱ्याच्या आत एक खोली आहे आणि आपण ती कधी पाहिलीच नाही, असं तिला वाटत होतं.

मार्चमध्ये दोघं शहरातल्या बड्या फुहाऱ्याच्या कापडबाजारात गेले. गळ्यावर बांधायचे रुमाल मऊ, बिनखळीच्या मलमलचे लागायचे, नाहीतर छिद्राभोवतीची कातडी सोलवटून निघायची. दुकानात गर्दी. दुकानदाराने अनुपमकडे बघून विचारलं, "बोलिए भाईसाहब?" अनुपमचे ओठ हलले. दुकानदार गोंधळून शरयूकडे बघायला लागला आणि शरयू बोलून गेली, "मुझे मलमल चाहिए. एकदम मुलायम, बिना कलफ की. मेरे गले पर बाँधनी है."

दुकानदार तिच्या धडधाकट गळ्याकडे बघत राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण 'इन्हें' म्हणायचं सोडून 'मुझे' म्हटलं. अनुपमने जसं म्हटलं, तसंच्या तसं. ती खजील होऊन हसली. अनुपम मात्र हसला नाही. कापड फाडून होईपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता, यंत्राचा एखादा सुटा भाग बरोबर बसला, की बघायचा तसा.

त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब आले. योगेंद्र गोर्डे, वयाने अनुपमहून लहान, पण सगळे त्यांना पाळकसाहेबच म्हणायचे. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत येशूचे क्रुसावरचे सात उद्गार सात जण घेतात, प्रत्येकाने त्यावर थोडं बोलायचं आणि प्रार्थना करायची. पाचवा, 'मला तहान लागली आहे' हा उद्गार, कित्येक वर्षं अनुपमकडे असायचा.

"अनुपमभाऊ," पाळकसाहेब म्हणाले, "मी पुष्कळ विचार केला. यंदाही पाचवा तुमच्याकडेच."

शरयूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अनुपमने मात्र मान हलवली. हो.

पाळकसाहेब गेल्यावर ती उसळली. "काहून हो म्हटलं तुम्ही? लोकांसमोर नुसते ओठ हलवत उभे राहणार? आणि त्यांना तरी काही समजायला पाहिजे की नाही?"

अनुपमने मोबाइल घेतला आणि लिहिलं, 'बोलावणं आलं की जायचं. आवाज घेऊन ये, असं कुठं म्हटलं?'

"बरं, जा. पण बोलणार कोण?"

त्याने तिच्याकडे बोट केलं.

"मी नाही. लिहून द्या, पाळकसाहेब वाचतील."

'लिहिलं की अर्ज होतो,' त्याने लिहिलं. 'प्रार्थना त्या वेळी येते. तुला माझे ओठ कळतात. दुकानात पाहिलं.'

शरयूच्या मनात इतके दिवस साठलेलं सगळं तिथे फुटलं. "कळतात ना! चांगले कळतात! मग काय सांगू मी मंडळीला? तुमची पापं सांगू? रोज पाहून राहिले मी. पाप, पाप, पाप आणि शरयू! काय केलं आहे तुम्ही? आणि माझं त्यात काय?"

अनुपम बघतच राहिला. त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, कोणतं पाप?

"हे," ती म्हणाली, आणि त्याची नक्कल करून तिने ओठ दोनदा मिटून उघडले.

तो आधी गोंधळला. मग त्याचे खांदे गदगदायला लागले. रुमालामागून हवेची शीळ निघाली, डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदाच असा हसत होता आणि शरयूला कळेना, की आपण हसावं की मोबाइल हिसकावून घ्यावा. शेवटी त्याने लिहिलं.

'पापा नाही. बापा.'

शरयूने ओठ मिटून 'बापा' म्हणून पाहिलं. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. प, फ, ब, भ, म, हे सगळे ओठ मिटूनच निघतात, हे दर वर्षी पोरांकडून घोकून घ्यायची. आणि घरात, लहानपणापासून प्रार्थनेत ऐकलेली 'हे बापा' ही हाक तिला ओळखता आली नव्हती.

"मग माझं नाव?" तिने विचारलं.

त्याने मोबाइल बाजूला ठेवला. तिचे दोन्ही हात धरले आणि एकेक शब्द सावकाश, तिला नीट वाचता येईल असा बोलला. "तू त्याच्याशी बोलत नाहीस. मला माहीत आहे. म्हणून तुझा राग मी त्याला सांगून राहिलो. म्हणतो, बापा, शरयू रागावली आहे आणि तिचं काही चुकलेलं नाही."

तिला वाटत होतं, की आपण हे सगळ्यांपासून लपवलं आहे.

"आणि तुम्ही? तुम्हाला राग नाही आला?"

"आला. येतो." तो थांबला, श्वास घेतला. "पण त्याहून जास्त, मला जाणून घ्यायचं आहे. तो काय करून राहिला ते. निघून गेलो तर कसं कळणार?"

शरयू हो म्हणाली ते विश्वासाने नव्हे. तिलाही जाणून घ्यायचं होतं. आवाज गेलेला माणूस तहानेबद्दल देवाशी काय बोलतो, हे सगळ्यात आधी तिलाच कळणार होतं.

उत्तम शुक्रवारी दुपारी चर्चमध्ये पंखे गरगरत होते तरी पाठी भिजल्या होत्या. मराठी मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. पाचव्या उद्गाराला दोघं पुढे गेले. अनुपम लोकांकडे तोंड करून उभा राहिला, आणि शरयू त्याच्याकडे तोंड करून, लोकांना अर्धी पाठमोरी. त्याने डोळे मिटले. ओठ हलले.

"हे बापा," शरयू म्हणाली.

"नागपूरला ऑपरेशननंतर मला पाणी बंद होतं. नाकात नळी होती. जीभ टाळूला चिकटायची. मी सिस्टरला हातांनी खुणा करून पाणी मागायचो. ती म्हणायची, नहीं भैया, अभी नहीं." मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं आणि पुन्हा शांत झालं. "मग मी तुझ्याकडे मागितलं. तूही दिलं नाहीस."

हे बोलताना शरयू अडखळली. हे तिला माहीत नव्हतं. ती रात्रंदिवस त्याच्या उशाशी होती आणि तिला वाटायचं, की तो आवाजासाठी तळमळतो आहे.

"तेव्हा मला हा उद्गार आठवला. दर वर्षी यावर मी मोठ्या आवाजात बोललो, पण मला काही समजलेलं नव्हतं. तुझ्या लेकाने पाणी मागितलं आणि त्याला..." ती थांबली. पुढचा शब्द लागेना. अनुपमने डोळे उघडले, पुन्हा बोलला. तिने मान हलवली, नाही कळलं. पूर्ण चर्च थांबून राहिलं. तिसऱ्यांदा त्याने हाताने ओठांना स्पंज लावल्याची खूण केली, क्रुसावर येशूला लावला होता तसा. "आणि त्याला आंब मिळाली, आंबट द्राक्षारस. म्हणजे तहानेने जीव जातो तेव्हा कसं वाटतं, हे तुझ्या घरात माहीत आहे. एवढं कळलं आणि मला झोप लागली. पाणी दुसऱ्या दिवशीही नव्हतं मिळालं."

"माझा आवाज काहून घेतला, ते मला अजून माहीत नाही. मी विचारणं सोडणार नाही. पण उत्तर मिळेपर्यंत तुझ्या दारातून उठणारही नाही."

मग अनुपमचे ओठ मिटले. शरयू आमेनची वाट बघत होती. तो आमेन म्हणाला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नुसता हात पुढे केला. आता तू.

पाळकसाहेब खुर्चीत जरासे पुढे सरकले. शरयूला पळून जावंसं वाटलं. तिच्याकडे वाचायला आता कोणाचेच ओठ नव्हते.

"बापा," ती म्हणाली, "मी शरयू. मी अजून रागावलेली आहे." आणि मग, "पण आले आहे."

अनुपमने ओठांनी आमेन म्हटलं, आणि तेवढं मात्र सगळ्या मंडळीला वाचता आलं.

उपासनेनंतर आवारातल्या सावलीत विभावरीकाकूंनी तिला गाठलं. "शेवटचं ते तुझंच होतं ना?"

"हो, काकू."

"देवाशी असं बोलतात?"

"ठाऊक नाही. मी आज पहिल्यांदाच असं बोलले."

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग अनुपमकडे वळून, त्याच्याकडे नीट बघत त्यांनी विचारलं, "बाळा, तुला तेव्हा खरंच पाणी देत नव्हते?" आणि उत्तर वाचता यावं म्हणून चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

अनुपमचा आवाज परत आला नाही. जूनमधली तपासणी चांगली निघाली, पुढची सहा महिन्यांनी आहे. संध्याकाळी आता तो बोलतो आणि शरयू मोठ्याने म्हणते. मधेच ती स्वतःचं एखादं वाक्य घालते, तेव्हा तो डोळे उघडून बघतो. कधी ते वाक्य आभाराचं असतं, कधी चक्क तक्रारीचं. खिडकी उघडीच असते. परवा शेजारच्या अवंतिकाने जिन्यात विचारलं, "काकू, तुम्ही रोज एवढं कोणाला रागवून राहता?" शरयू हातातली पिशवी खाली ठेवून पायरीवर बसली आणि म्हणाली, "बस, सांगते."