छत्तीस मतांचा डबा

मी डबा बोलतोय. दूध पावडरचा, अडीच किलोचा. फोटोतली गाय एका बाजूने खरवडली गेलीय, तेवढं सोडलं तर तब्येत चांगली आहे. सन २००३-०४च्या हंगामात कुवेतमधला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू मी होतो. हसू नका. माझ्याकडे कागद आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा अबू हलीफात, कोकणातल्या माणसांच्या एका फ्लॅटमध्ये, गॅसच्या शेजारी होतो. खोलीत सहा खाटा, सहा बॅगा आणि एक चहाचं पातेलं. दोन महिन्यांत त्यांनी मला चाटूनपुसून रिकामा केला. आता मिरच्या भरणार किंवा फेकणार, एवढंच माझं भविष्य होतं.

पण त्याच सुमारास शुऐब्याला, ही माणसं कामाला होती त्या साइटवर कॉलिनसाहेब आले. उन्हाने लालेलाल झालेला ऑस्ट्रेलियन इंजिनियर. सोबत त्यांच्या देशाचा एक चेंडू. तो गोल नव्हता, सोललेल्या नारळासारखा होता. जमिनीवर आपटला की कुठे जाईल ते त्यालाच माहीत नसे. दर शुक्रवारी सकाळी कॅम्पमागच्या वाळूत खेळायचं ठरलं. दोन्ही टोकांना चार-चार पाइप उभे केले. लाथ मारलेला चेंडू मधल्या दोन पाइपांमधून गेला की गोल, म्हणजे सहा पॉइंट, बाजूने गेला की एक. चेंडू फेकायचा नाही, हाताच्या मुठीने ठोसायचा. ह्या नियमावर पहिल्या शुक्रवारी तीन वेळा मारामारी झाली.

टीम दोन. एक वेल्डरांची, तिचे कोच फोरमन जयरामदादा. दुसरी पाइप फिटरांची, तिचे कोच स्टोअरकीपर शरदभाऊ. प्रत्येकी नऊ खेळाडू, बारा सामने.

आता खरी गोष्ट. आदल्या वर्षी ह्या अठरा जणांनी गणपतीच्या त्याच पंधरा दिवसांची रजा मागितली होती. कारणं वेगवेगळी लिहिली होती, तरी दोघांनी एकच काका मारला होता. कंपनी एका वेळी एकालाच सोडणार. म्हणून कॉलिनसाहेबांनी जाहीर केलं, "जो सीझनचा बेस्ट प्लेअर, त्याला गणपतीची लीव्ह."

पद्धत त्यांच्या देशातली. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही कोचनी गुपचूप चिठ्ठी लिहायची. सगळ्यात चांगला खेळला त्याला पाच मतं, मग चार, तीन, दोन, एक. चिठ्ठ्या बंद पेटीत. सीझन संपल्यावर मोजायच्या.

पेटी म्हणजे मी. माझ्या झाकणाला छिन्नीने एक फट पाडली. दुखलं, पण मान मिळाला.

ती रजा सगळ्यांनाच हवी होती, पण दत्तप्रसादला जास्त. हा पाइप फिटर, सावंतवाडीकडचा. तो इकडे आला तेव्हा बायको विशाखा सात महिन्यांची गरोदर. मुलगी अक्षदा आता अडीच वर्षांची, आणि त्याने तिला फक्त फोटोत बघितलेलं. म्हणून तो खेळायचा असा की वाळू त्याच्या मागे धावायची. ओठ फुटला तरी चेंडू सोडायचा नाही.

याउलट वेल्डरांचा लक्ष्मीकांत. त्याने अख्खा सीझन पाइपाला टेकून काढला. एकदा चेंडू स्वतःहून त्याच्या अंगावर आला, तर तो म्हणाला, "अरे, कोणाचो ह्यो?"

पहिल्या सामन्यानंतर दोन्ही कोच एकाच चटईवर बसले. जयरामदादांनी चार नावं लिहिली आणि पेन चावत राहिले.

"एक मत उरला. कोणाक देऊ?"

"खेळलो त्याका दे," शरदभाऊ म्हणाले.

"तुका काय जाता सांगूक? माझे पाच जण माझ्याच खोलीत रवतत. एकाक दिला तर दुसरो माझ्या आमटीत मीठ ओततलो."

शरदभाऊंनी विचार केला. त्यांच्या खोलीतही पाच फिटर होते. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्या डब्याक दे. ह्यो कोणाशी भांडत नाय."

आणि त्या दिवशी दोन चिठ्ठ्यांवर शेवटचं नाव माझं पडलं. मला काय बोलावं कळेना. तसंही मला बोलता येत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारपासून दोघांनी खिशात छोट्या वह्या ठेवल्या. ह्याला गेल्या वेळी पाच दिली, आज त्याला. आरतीनंतर खिरापत वाटतात तसं. दुसऱ्या टीमच्या माणसाला तर एक कणही नाही. कधी एक, कधी दोन उरायची, ती माझी. चिठ्ठी पडली की मी वाचायचो, दुसरं काम काय? दत्तप्रसादने एका सामन्यात सात गोल मारले. त्याला त्या दिवशी शून्य मतं, कारण त्याचा नंबर पुढच्या आठवड्यात होता.

मार्चमध्ये मोजणी. ऑफिसच्या शेडमध्ये अठरा जण केस विंचरून बसलेले. टेबलावर मी, आणि शेजारी रजेचा फॉर्म, सही-शिक्क्यासकट, फक्त नावाची जागा रिकामी. वाचायला ऑफिसातले बदरुद्दीनभाई, रत्नागिरीचे. अकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, तिकिटं, सगळं तेच बघायचे.

"लक्ष्मीकांत, अठरा," ते म्हणाले.

लक्ष्मीकांतने स्वतःच टाळ्या वाजवल्या.

"दत्तप्रसाद, अठरा."

मग सगळ्यांचीच अठरा. बदरुद्दीनभाईंनी चष्मा पुसला. "डबा, छत्तीस."

"हू इज डबा?" कॉलिनसाहेब. "कोणत्या टीमचा?"

जयरामदादा हळूच म्हणाले, "दोनी टीमचो, सायबा."

साहेबांनी मला उचललं. आत बघितलं. बाहेरून बघितलं. गाय बघितली. मग खडू घेऊन फळ्यावर लिहिलं: बेस्ट प्लेअर, डबा, ३६.

"सर, लीव्ह?" शरदभाऊंनी विचारलं.

"रूल इज रूल. लीव्ह डब्याची."

"पण साहेब," बदरुद्दीनभाई गंभीरपणे म्हणाले, "ह्याचा पासपोर्ट नाही. अकामा नाही. बोटांचे ठसे कुठून घेऊ?"

"मग कोणीच जाणार नाही." साहेबांनी फॉर्म फाइलमध्ये ठेवला.

शेडमध्ये एकदम गलका झाला. फक्त दत्तप्रसाद ओरडला नाही. तो उठला, टेबलाजवळ आला, माझ्या बाजूला सांडलेल्या चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाला, "जयरामदादा, त्या सात गोलांच्या दिवशी तुम्हीच माका उचलून घेतलात ना? मगे चिठ्ठीत मी खंय होतंय?" आणि जागेवर जाऊन बसला.

जयरामदादांनी खिशातली वही काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सायबा, एक चिठ्ठी आनी. एकच नाव. सही करून."

साहेबांनी होकाराची मान हलवली. वेल्डर मागून कुजबुजत होते, "दादा, घरच्याचा नाव घाला हां. दादा, आमटी." जयरामदादांनी पाठ फिरवून लिहिलं. शरदभाऊंनी पण. दोन चिठ्ठ्या माझ्यात पडल्या. मी वाचल्या आणि मला पहिल्यांदा तोंड नसल्याचं वाईट वाटलं.

"शरद: दत्तप्रसाद," बदरुद्दीनभाईंनी वाचलं. "जयराम: दत्तप्रसाद."

लक्ष्मीकांत ओरडला, "दादा, वेल्डर असून फिटराक दिलास?"

"दिलंय," जयरामदादा म्हणाले. "तू पायपाक टेकान होतंस, तुका कसा दिसतला?"

साहेबांनी फॉर्मवर दत्तप्रसादचं नाव लिहिलं. पण फळ्यावरचं माझं पुसलं नाही. वर एक पत्र टाइप करून दिलं: विजेता डबा, सोबत प्रवास करणार. तोच माझा कागद.

सप्टेंबरात आम्ही निघालो. माझ्यात अडीच किलो दूध पावडर, मी दत्तप्रसादच्या मांडीवर. घरी पोचल्यावर अक्षदाने बापाकडे एकदा बघितलं आणि सरळ मला मिठी मारली. दोन दिवस ती त्याच्याकडे गेलीच नाही. विशाखावहिनींना विचारायची, "ह्ये काका कधी जातले?" दत्तप्रसाद हसायचा आणि मग विहिरीवर जाऊन उगाच पाणी काढत बसायचा. तिसऱ्या दिवशी आरतीत तिला गर्दीत काही दिसेना. तिने आजूबाजूच्या सगळ्यांना नीट निरखलं, सगळ्यात उंच कोण ते ठरवलं आणि दत्तप्रसादचा लेंगा ओढला. "बाबा, उचला."

त्याने उचललं. त्यानंतर रजा संपेपर्यंत ती खाली उतरली असेल तर मला दिसली नाही.

मी इथेच राहिलो. आता माझ्यात तांदळाचं पीठ असतं. पावसाळ्यात बूड थोडं गंजतं. एकच विनंती आहे. कधी कोणाला मत द्यायची वेळ आली तर धावला त्याला द्या, डब्यांना देऊ नका. मात्र माझं नाव त्या फळ्यावरून पुसायलाही सांगू नका. मी सीझनभर एक पाऊल पळालो नाही, हे कबूल. पण बारा सामन्यांत माझ्याकडे चोवीस चिठ्ठ्या आल्या, आणि मी एकही झेल सोडला नाही.