अर्धी फेरी

"उद्या टेबलावर एकही बंद वस्तू दिसता कामा नये, बाई," संचालक म्हणाले आणि बोलता बोलता त्यांनी माझ्या समोरच्या टेबलावर हात टेकवला. नेमका तिथेच सकाळी सहावीच्या मुलांनी डिंक सांडला होता. हात चिकटला. एरवी मी फडकं पुढे केलं असतं. केलं नाही.

"बंद म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे न चालणारी. पालक येणार, फोटो निघणार. दिवा म्हटला की पेटला पाहिजे, पंप म्हटला की पाणी वर आलं पाहिजे."

"अहो, मुलांनी केलंय ते. काही चालेल, काही नाही चालणार. यालाच प्रयोग म्हणतात ना?"

"ते तुमचं शाळेतलं झालं, बाई. हा उन्हाळी वर्ग आहे. लोक हौसेने मुलं पाठवतात इथे."

शाळेतलं! असा संताप आला मला. अहो, शाळेतलं म्हणजे काय ते मला विचारा. अख्खी नोकरी मी फळ्यावर विजेची मोटर काढण्यात घालवली. इकडे उत्तर ध्रुव, तिकडे दक्षिण ध्रुव, डावा हात, अंगठा, बाण. मुलांनी ती आकृती पाठ केली, पेपरात काढली, मार्क घेतले आणि पुढच्या वर्गात गेली. एकाच्याही हाताला तांब्याची तार लागली नाही. प्रयोगशाळा होती, पण तिला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. काचसामान फुटतं म्हणे. निवृत्त झाल्यावर या संस्थेतून फोन आला, उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावी ते नववीच्या मुलांना हाताने विज्ञान करायला शिकवाल का? मी इतक्या जोरात हो म्हणाले की पलीकडचा माणूस दचकला असेल.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी या लांबट खोलीत उभी असते. वर पंखे गरगरतात, खाली कागद उडतात, डिंक सांडतो, काडेपेटीवरून भांडणं होतात. कुणी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरून "ई, विटा!" म्हणून ओरडतं. कुणी तुरटीचे खडे वाढवत बसतं आणि ते रात्रीत वाढले नाहीत म्हणून माझ्यावर रुसतं. मला हे सगळं आवडतं. घरी जाते तेव्हा साडीला मेण लागलेलं असतं आणि आमचे हे म्हणतात, आलीस का भट्टीतून?

तर संचालकांचं बोट त्या दिवशी फिरत फिरत खिडकीजवळच्या टेबलावर गेलं. "आणि ती मोटर?"

"ती तशीच राहील."

"ती फिरत नाही, बाई."

"माहीत आहे मला."

"पुढच्या उन्हाळ्यात वर्ग घ्यायचा आहे ना तुम्हाला?" हे अगदी गोड आवाजात.

"घ्यायचा आहे. आणि ती तशीच राहील," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

ती मोटर आठवीतल्या एका मुलीची होती. बाकीची मुलं तिला गोगलगाय म्हणायची, कारण ती प्रत्येक गोष्ट सावकाश करायची. मोटर तशी सोपी असते. मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची एक गुंडाळी, ती तोलायला दोन सेफ्टी पिना, खाली लोहचुंबक आणि एक सेल. तारेच्या टोकांवरचा मुलामा खरवडायचा म्हणजे वीज आत जाते. पण यात एक मेख आहे. एका टोकाचा मुलामा अर्ध्याच अंगाने खरवडायचा असतो. म्हणजे अर्धी फेरी वीज, अर्धी फेरी बंद. तरच गुंडाळी गरगर फिरते. हे मी मुलांना आधी सांगत नाही. आणि गंमत अशी की घाईघाईत काम उरकणाऱ्या कार्ट्यांच्या मोटरी लगेच फिरतात, कारण ती तार टेबलावर ठेवून वरवर एकाच बाजूने घासतात आणि पळतात. या मुलीने दोन्ही टोकं सगळ्या बाजूंनी अशी लख्ख केली होती की बघत राहावं. म्हणून तिची गुंडाळी अर्धी फेरी घ्यायची, थबकायची आणि मागे यायची.

दुसऱ्या कुणी रडारड केली असती. हिने सेल बदलून पाहिला. चुंबक उलटा केला. पिना वाकवल्या, सरळ केल्या. प्रत्येक वेळी गुंडाळी अर्धी जाऊन परत. मुलं येता जाता म्हणायची, "गोगलगायीची मोटर पण गोगलगाय!" ती वर बघायचीसुद्धा नाही.

त्याच दिवशी दुपारी, संचालक यायच्या आधी, ती माझ्याजवळ आली होती. "बाई, वीज जातेय आत. नाहीतर अर्धीपण फिरली नसती."

"बरोबर."

"मग पुढच्या अर्ध्यात तिला मागे कोण ओढतं?"

"कोण ओढत असेल?"

ती कितीतरी वेळ गुंडाळीकडे बघत राहिली. "जो पुढे ढकलतो, तोच," ती हळूच म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत माझ्या वर्गात हे कुणी स्वतःहून म्हटलं नव्हतं. मी फळ्यावर लिहून दिल्यावर सगळे म्हणायचे. दाराशी येऊन ठेपली होती पोर, फक्त कडी काढायची बाकी होती.

"उद्या लोकांना हेच सांगू का?" तिने विचारलं. "की ही फिरत नाही, मी काय काय करून बघितलं आणि मला काय वाटतंय ते? हसतील का?"

"हसू देत. तू हेच सांग," मी म्हणाले. "इथल्या सगळ्या फिरत्या मोटरींपेक्षा मला ते ऐकायचंय."

घरी आले तर हे भाजी निवडत बसले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "संचालकाला कच्चा खाल्लास की भाजून?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला!" मी सगळं सांगितलं.

"अगं, एका मोटरीसाठी वर्ग घालवून बसशील. उन्हाळाभर माझ्याच डोक्यावर मिरे वाटशील मग."

"वाटेन. पण ती पोरगी उद्या तिचं बोलणार."

यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि पुन्हा भाजीला लागले.

दुसऱ्या दिवशी खोली ओळखू येत नव्हती. टेबलांवर पांढऱ्या चादरी, दाराशी फुगे, कोपऱ्यात स्टेज आणि माइक. माझी मुलं इस्त्रीचे कपडे घालून परक्यासारखी उभी. पालकांची ही गर्दी. जो तो मोबाइल वर धरून. मी पंपाच्या टेबलापाशी एका आजोबांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, तेवढ्यात खिडकीजवळून तिचा आवाज ऐकू आला. मी तिकडे सरकले. समोर पंधरावीस माणसं, पुढे तिचे बाबा, मोबाइल घेऊन. तिने हात मागे बांधले होते आणि ती लोकांकडे बघत बोलत होती.

"ही माझी मोटर. ही चालत नाही," ती म्हणाली. लोक जरा हसले. "मी सेल बदलला, चुंबक उलटा केला, तरी ती अर्धी फेरी घेते आणि परत येते. म्हणजे वीज जाते, पण नको तेव्हापण जाते असं मला वाटतं. आता दाखवते."

तिने बोटाने गुंडाळीला हलकेच टिचकी दिली.

गुंडाळी फिरली. अर्धी नाही, पूर्ण. आणि मग गरगर, गरगर, थांबायचं नाव नाही.

सगळे खो खो हसले. टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, पळतेय की भन्नाट!" ती मुलगी त्या फिरत्या गुंडाळीकडे अशी बघत होती की जणू कुणी भर रस्त्यात तिच्या थोबाडीत मारली होती.

"चालतेय ना छान? मग चालत नाही काय म्हणतेस?" तिचे बाबा हसत म्हणाले. "वेडी कुठली! पुन्हा बोल, मी रेकॉर्ड करतोय. म्हण, ही मोटर मी बनवली."

ती वाकली. गुंडाळीवर बोट ठेवून तिने ती थांबवली आणि नीट पाहिली. "ही माझी नाही," ती म्हणाली.

"लाजतेय," बाबा लोकांना म्हणाले.

"ही माझी नाही, बाबा."

"बरं बरं, कुणाची का असेना. सांग ना मी केली म्हणून. तेवढ्याने काय होतंय?"

तिचे कान लाल झाले. रडली नाही ती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत मला स्पष्ट दिसलं, तिला वाटत होतं की हे मी केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच मागच्या सामानाच्या खोलीत घुसले. आमचे प्रयोगशाळेतले मदतनीस, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, तिथे खोकी लावत होते.

"अण्णा, त्या मुलीची मोटर कुणी बदलली?"

"मी, बाई. साहेब म्हणाले काल संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर." आणि वर हसून म्हणाले, "मस्त फिरते ना? मी स्वतः बनवली."

"तिची कुठे आहे?"

"चुंबक तर आपलाच होता, तो वापरला. पिना त्याच आहेत."

"गुंडाळी, अण्णा! गुंडाळी कुठे आहे?"

"ती होय. टोकं घासून बारीक झाली होती, ती कापली आणि बाकीची तार सरळ करून परत रिळावर घेतली. चांगली तार होती, वाया कशाला घालवायची?" माझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. "बाई, पोरीची चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून मलाही वाटलं, बरंच आहे."

काय बोलणार त्या माणसाला? त्यांनी चांगल्या मनानेच केलं होतं, हाच तर ताप. मोडली असती तर जोडली असती. फेकली असती तर कचऱ्यातून शोधली असती. पण तिची मोटर आता नव्हतीच. नुसतं रीळ होतं.

मी बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत संचालकांसमोर उभी राहिले. आवाज कमी ठेवायचा प्रयत्नही केला नाही. "ती खिडकीजवळची मोटर आमच्या माणसाने बनवलेली आहे. त्या मुलीची होती ती आम्ही उसवून टाकली. आणि ही फसवणूक तुमच्या सांगण्यावरून झालीय, साहेब."

मला वाटलं, आता कुणी तरी विचारेल. एखादी आई म्हणेल, म्हणजे माझ्या मुलाचा पंप पण? एखादे बाबा म्हणतील, हे काय चाललंय?

संचालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "आमच्या बाई म्हणजे तत्त्वाच्या पक्क्या! यांच्यामुळेच तर मुलं घडतात. जोरदार टाळ्या होऊ द्या बाईंसाठी!"

आणि लोकांनी वाजवल्या, मेल्यांनी! अहो, सगळ्यांनी ऐकलं होतं. पण आपल्या पोराचा पंप पाणी वर चढवत होता, ते कोण कशाला उकरून बघतंय? मी त्यांचा हात झटकून टाकला. "पुढच्या उन्हाळ्यात मी येणार नाही," मी म्हणाले. ते माइकवर पुढची नावं घेत होते. त्यांनी ऐकलंही नसेल.

खिडकीपाशी ती मुलगी नव्हती. तिचे बाबा खुर्चीत बसून मघाचं रेकॉर्डिंग बघत होते. मी व्हरांड्यात शोधलं, पाण्याच्या टाकीपाशी शोधलं. शेवटी सामानाच्या खोलीत सापडली. भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, इस्त्रीच्या फ्रॉकची पर्वा न करता, आणि मांडीवर तारेचं रीळ. अण्णा दाराशी अपराध्यासारखे उभे होते. तिने मागितलं आणि मी दिलं, असं काहीसं ते पुटपुटले आणि बाहेर गेले.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"मी नाही बदलली," मी म्हणाले.

"माहीत आहे. अण्णांनी सांगितलं." तिने सेलभोवती तार गुंडाळायला घेतली होती. एकेक वेढा अंगठ्याने दाबून बसवत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाई, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना, ती का फिरत नव्हती ते?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला सापडत आलं होतं गं," मी म्हणाले आणि माझा आवाज चिरकला. संताप होता तो, दुसरं काही नाही. "कालच सापडत आलं होतं. आता ती तारच राहिली नाही. हवं तर सांगते मी. सांगू का?"

ती थांबली. बाहेर माइकवरून संचालकांचा आवाज येत होता, सर्वोत्कृष्ट चालती प्रतिकृती, आणि मग तिचं नाव. एकदा. मग पुन्हा एकदा.

"नको," ती म्हणाली. "घासायचा कागद द्या."

मी दिला. बाहेर टाळ्या झाल्या. बक्षीस घ्यायला तिचे बाबा गेले असावेत. तिने तारेचं टोक उजेडाकडे धरलं, एका बाजूने थोडं घासलं, थांबून निरखून बघितलं आणि कागद बाजूला ठेवून विचार करत बसली.