झुंबरबाईच्या नातवाचं सँपल

वारणानगरजवळच्या त्या दवाखान्यात शाहिस्ताचं काम तसं सोपं. तापानं फणफणलेल्या पोरांचं रक्त तपासायला पाठवायचं आणि न्यूमोनियाचा जंतू उगवतो का बघायचं. त्यावरची लस आल्यापासून तो उगवायचा जवळजवळ बंदच झाला होता. यापरतं सुख ते काय, पण हे झुंबरबाईंना कोण सांगणार?

नातवाच्या कागदावर 'काहीही उगवले नाही' असं आलं आणि झुंबरबाईंचं गावात नाकच कापलं गेलं. डेअरीत त्यांच्या म्हशीच्या दुधाला सगळ्यात जास्त फॅट लागायची. अन् नातवाच्या रक्ताला शून्य?

ताप उतरलेल्या पोराला तूप चारून त्या परत आल्या. साक्षीला डेअरीचे चेअरमन कृष्णात. झुंबरबाईंच्या काखेत दीड महिन्याची नात, तिची पहिली लस आजच होती.

"सँपल चुकलंय. परत घ्या," झुंबरबाई म्हणाल्या.

"आक्का, उगवलं न्हाय हेच बरं की," शाहिस्ता म्हणाली.

"ढवळून घेतलं नसंल," कृष्णातांनी शंका काढली. "साय वर ऱ्हाती, खाली निस्तं पाणी."

आता पोर ढवळायचं कसं? झुंबरबाईंनी त्याला व्हरांड्यात उड्या मारायला लावल्या. तुपावर पोसलेलं पोर ते, थांबेचना. चेअरमन आपले "अजून जरा, अजून जरा" करत उभे.

"तुमच्या लशीनंच ह्येचं रक्त पातळ झालंय," झुंबरबाईंनी निकाल दिला. "ह्येचा आकडा लागल्याबिगार पोरीला सुई न्हाय."

शाहिस्ताचं हसू पार मावळलं. ही एवढीशी पोर लशीविना तशीच घरी जाणार होती.

"गावात कुणाचंच उगवलं न्हाय व्हय आजवर?" झुंबरबाईंनी हिणवलं.

"एकाचं उगवलंतं. लस यायच्या आदी."

"कुणाचं?"

"नाव सांगता येत न्हाय, आक्का."

"सांगा की. त्येला काय चारत हुते, इचारून येतो."

शाहिस्ता खाली मान घालून टेबलावरचे कागद आवरू लागली. झुंबरबाई मनातल्या मनात गावातली घरं फिरून आल्या. लशीच्या आधी इथं आणलेलं पोर त्यांना एकच आठवलं.

"बनाबाईचा आदर्श?" त्यांनी हळूच विचारलं.

शाहिस्तानं मान वर केली नाही. कृष्णातांनी डोक्यावरची टोपी काढली. आदर्शला पांढऱ्या चादरीत गुंडाळून इथून नेलं होतं ते त्यांच्याच जीपमधून.

झुंबरबाईंनी उड्या मारणाऱ्या नातवाला दंडाला धरून जवळ घेतलं. मग नातीचं दुपटं सोडलं.

"सुई मांडीत देताय न्हवं?" त्या म्हणाल्या.